फटकळ खेळाडू चांगला समालोचक होतो का?

(फणसवाडीत झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो याच वाडीतल्या एका वडिलांनी दिला. त्यांचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, कांगा लीग खेळतो. हात चांगला आहे, पण तोंड त्याहून चांगलं चालतं. (हशा) कर्णधाराला तोंडावर सांगतो, तुझं क्षेत्ररक्षण चुकलं. वडिलांना घोर लागलाय. मला म्हणाले, "अहो, हा रणजी खेळेल की नाही माहीत नाही. पण सगळे म्हणतात, एवढा बोलतो तर पुढे कॉमेंट्रीत जाईल. खरंच जाईल का हो?"

मी त्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. उत्तर आज देतो, थोडं वळणावळणाने.

आधी आपण बसलोय कुठे ते बघा. इथून बाहेर पडून जगन्नाथ शंकरशेट रस्ता ओलांडला, रेल्वेचा पूल ओलांडला, की समोर समुद्र आणि समुद्राला लागून जिमखाने. थोडं पुढे गेलं की वानखेडे. आणि वाडीतलं क्रिकेट काय असतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. चार जण खेळतात, चाळीस जण गॅलरीतून बोलतात. "अरे, पाय कुठाय तुझा?" म्हणजे समालोचन आपल्याकडे रेडिओच्या आधीपासून आहे. (हशा) सुनील गावसकर लहानपणी ताडदेवच्या चिखलवाडीत खेळले, तेही असंच वाडीतलं क्रिकेट. मुंबईच्या खेळाडूला बोलायला शिकवावं लागत नाही. फक्त कोणासाठी बोलायचं, हे शिकावं लागतं. आज मला एवढंच सांगायचं आहे. बाकी सगळं त्याचा पुरावा.

आता थोडा इतिहास. १९३४ साली मुंबईच्या चौरंगी स्पर्धेतल्या सामन्याचं धावतं वर्णन रेडिओवरून झालं. करणारे होते बॉबी तल्यारखान. दिवसभर एकटे बोलायचे, जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर मध्ये खंड नाही. पुढे, स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते तेव्हा, आकाशवाणीने ठरवलं की एका माणसाऐवजी तिघांनी मिळून समालोचन करावं. तल्यारखानांनी काय केलं? माईक वाटून घ्यायला नकार दिला आणि बाजूला झाले. म्हणजे ज्या माणसाने इथे समालोचन रुजवलं, त्याचंही मालकाशी पटलं नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिकडेच परत यायचं आहे.

नंतर विजय मर्चंट आले. मोठे फलंदाज, प्रथम श्रेणीत एकाहत्तरच्या वर सरासरी. निवड समितीचे अध्यक्ष असताना त्यांच्या निर्णायक मताने १९७१ साली पतौडींच्या जागी अजित वाडेकर कर्णधार झाले. हेच मर्चंट रविवारी विविध भारतीवर क्रिकेटचा कार्यक्रम करायचे आणि लोक काम टाकून ऐकायचे. मराठीत बाळ ज. पंडित होते. तेही आधी खेळाडू, मग आवाज. फलंदाज पुढे आला की मागे गेला, चेंडू कुठून कुठे गेला, हे सगळं ते शब्दांनी दाखवायचे. रेडिओवर शब्द थांबला की सामना थांबतो.

टीव्ही आला आणि हे काम बदललं. आता चेंडू कुठे गेला हे मला दिसतंच आहे. तुम्ही तेच सांगत बसलात तर मी आवाज बंद करीन. मला हवं असतं ते दिसत नसलेलं. हा बाद का झाला? कर्णधाराने तो माणूस तिथे का ठेवला? ते सांगू शकतो तो खेळलेला माणूस. म्हणून समालोचनाच्या खोलीत माजी खेळाडूला कायमची खुर्ची मिळाली. आणि त्यातही फटकळ खेळाडूला मागणी आली, कारण हातचं राखून बोलणारा कंटाळवाणा होतो.

आता आपल्या घरचंच उदाहरण घेऊ. गावसकर.

तरुण पिढीला ते आजोबा वाटतात. पण खेळत असताना हा माणूस किती फटकळ होता, याची आज कल्पना येत नाही. १९७६ साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ऐन खेळाच्या भरात, त्यांनी 'सनी डेज' हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी जमैकात भारतीय फलंदाजांवर आखूड टप्प्याच्या चेंडूंचा मारा झाला होता, अनेक जण जखमी झाले होते आणि प्रेक्षक त्यावर आरडाओरडा करत होते. गावसकरांनी त्या प्रेक्षकांबद्दल इतके कडक शब्द लिहिले की वाद बरीच वर्षं पुरला. मग फेब्रुवारी १९८१, मेलबर्न. लिलीच्या चेंडूवर पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागलाय असं यांचं म्हणणं. रागाच्या भरात साथीदार चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघाले! सामनाच सोडून द्यायची वेळ आली होती. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक पुढे आले, त्यांनी चौहानला परत पाठवलं, आणि तो सामना कपिलच्या गोलंदाजीवर आपण जिंकलो. त्या वागण्याबद्दल पुढे गावसकरांनी स्वतःच खेद व्यक्त केला.

हा झाला खेळाडूचा फटकळपणा. त्यात 'मी' आहे. माझ्यावर अन्याय झाला, माझ्या संघावर अन्याय झाला. आणि ते चूक नाही, खेळाडूने स्वतःसाठी नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?

आता त्याच मेलबर्नला या. २८ डिसेंबर २०२४. बोलँडचा चेंडू ऋषभ पंतने खाली बसून मागे उचलायचा प्रयत्न केला आणि सीमारेषेजवळ झेल दिला. गावसकर तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या रेडिओवर होते. 'स्टुपिड' हा शब्द त्यांनी तीनदा म्हटला. तो तुकडा जगभर फिरला. पण लोकांनी तो शब्द ऐकला आणि त्यापुढचं ऐकलं नाही. पुढे त्यांनी कारण दिलं होतं: तिथे दोन क्षेत्ररक्षक ठेवलेले आहेत, आधीच्या चेंडूला तोच फटका फसलेला आहे, संघाची अवस्था ही अशी, आणि तरी तू तेच करतोस? यात राग आहे, पण 'मी' नाही. माणसाचा अपमानही नाही. वाक्यातला रोख फटक्यावर आहे.

याचा पुरावा सहा महिन्यांनी मिळाला. जून २०२५, लीड्स. पंतने शतक केलं आणि गावसकरांनी 'सुपर्ब' हा शब्द तीनदा म्हटला. मोजून तीनदा! (हशा, टाळ्या) हिशेब पुरा. वाईटाला जितक्या मोठ्याने वाईट म्हटलं, चांगल्याला तितक्याच मोठ्याने चांगलं म्हटलं. असं करणाऱ्याला फटकळ म्हणून नका, स्पष्टवक्ता म्हणा. दोन्ही शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे तो हाच.

म्हणजे गावसकर कधी चुकले नाहीत असं नाही. २०२० च्या आयपीएलमध्ये विराट कोहलीबद्दल बोलताना त्याच्या पत्नीचा उल्लेख आला आणि त्यावर तिने जाहीर नाराजी व्यक्त केली. गावसकरांचं म्हणणं, टाळेबंदीत घराच्या आवारात दोघं खेळत होते त्या चित्रफितीबद्दल मी बोलत होतो, तिला दोष दिलाच नव्हता. हेतू तसाच असेल. पण समालोचकाच्या हातात खोडरबर नसतो. तोंडातून गेलं ते गेलं. आणि घरातलं माणूस फटक्याच्या कारणांत बसत नाही, ही मर्यादा त्या दिवशी ओलांडली गेली असं माझं मत आहे.

मधेच दुसरा मुंबईकर घेतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की समालोचक व्हायला टीकाच करावी लागते. रवी शास्त्री. याच मुंबईच्या मैदानांवर ज्याची हुर्यो उडवली गेली तो खेळाडू. ऐंशी कसोटी खेळला आणि तिशीतच थांबला. त्याने १९८५ मध्ये वानखेडेवर बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले होते. २००७ साली डर्बनला युवराजने सहा मारले, तेव्हा माईकवर कोण होता? शास्त्री. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीचा शेवटचा षटकार, तेव्हा माईकवर कोण? शास्त्री. त्याची जात वेगळी. तो चुका काढून मोठा झाला नाही, क्षण पकडून झाला. कोणत्या क्षणी आवाज चढवायचा, हे त्याला कळतं. म्हणजे या घराला दोन दारं आहेत, आणि फटकळपणा हे त्यांतलं एकच.

आता तिसरा. हे उदाहरण जरा दुखरं आहे. संजय मांजरेकर.

विजय मांजरेकरांचा मुलगा. सदतीस कसोटी, लाहोरला २१८. निवृत्तीनंतर समालोचनात आले आणि फार लवकर नाव झालं. का? खेळाचं तंत्र त्यांच्याइतक्या कमी शब्दांत उलगडून सांगणारे थोडे. आणि स्वतःलाही सोडत नाहीत, आत्मचरित्राचं नावच 'इम्परफेक्ट'. मग २०१९ चा विश्वचषक आला. जडेजाबद्दल ते म्हणाले की मला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू आवडत नाहीत, म्हणजे थोडी फलंदाजी थोडी गोलंदाजी असे. नीट वाचलं तर त्यांचा एक मुद्दा होता. ते म्हणत होते की कसोटीत जडेजा निखळ गोलंदाज आहे, पण पन्नास षटकांत मी एक पूर्ण फलंदाज आणि एक पूर्ण फिरकीपटू घेईन. चूक की बरोबर, पण मत आहे आणि मताला कारण आहे. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? कारण गेलं, शिक्का राहिला. जडेजाने ट्विटरवर सणसणीत उत्तर दिलं. आणि १० जुलैला मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात ५९ चेंडूंत ७७ धावा करून दुसरं उत्तर दिलं. आपण हरलो तो सामना, पण मांजरेकरांनी मोठ्या मनाने मान्य केलं की आज त्याने मला खोटं पाडलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलकात्याला गुलाबी चेंडूची कसोटी. हर्षा भोगले म्हणाले, चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं. मांजरेकरांचा सूर असा लागला, की तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलोय, आम्हाला कळतं. मंडळी, इथे जरा थांबा. इथे 'मी' परत आला बघा! त्यात प्रेक्षकासाठी काही नव्हतं. मी खेळलोय, ही समालोचकाची पात्रता असू शकते, पण तो युक्तिवाद नव्हे. घरी बसलेला माणूस खेळलेला नसतो. तुम्ही सोबत्याला गप्प केलंत की त्या माणसालाही गप्प करता. मांजरेकरांनी नंतर त्याबद्दल खेद व्यक्त केला, समालोचक म्हणून ते वर्ष आपल्याला वाईट गेलं असंही सांगितलं. असं सांगायलाही धाडस लागतं.

पुढचं मात्र त्यांच्या हातात नव्हतं. मार्च २०२० मध्ये भारतीय मंडळाच्या समालोचकांच्या यादीतून त्यांचं नाव गेलं. आयपीएलसाठी त्यांनी मंडळाला लिहिलं, नियम पाळीन म्हणून सांगितलं. तरी नाव आलं नाही. पण त्याच नोव्हेंबरात भारताचा ऑस्ट्रेलिया दौरा सुरू झाला आणि तिथे सोनीच्या पडद्यावर मांजरेकर होते. माणूस तोच, तोंड तेच. फरक एवढाच की त्या सामन्यांचं प्रक्षेपण भारतीय मंडळाच्या हातात नव्हतं.

आता आलो आपण तल्यारखानांपाशी. माईक कोणाचा? हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याला पगार वर्तमानपत्र देतं. पण आपल्याकडे सामने भरवणारं मंडळच बरीच वर्षं समालोचकांशी करार करत आलं. म्हणजे ज्याच्या कारभाराबद्दल बोलायचं, मानधनही त्याच्याकडूनच. २०१३ साली इयन चॅपेलना भारतातल्या मालिकेसाठी बोलावणं होतं. संघनिवड, मंडळाचा कारभार, पंचांच्या निर्णयाचा फेरविचार, या गोष्टींवर बोलायचं नाही अशी अट कळल्यावर त्यांनी काम नाकारलं. २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर हर्षा भोगलेंना काढलं, आणि कारण जाहीर झालं नाही. पुढे ते परतले. पण इतरांना जो संदेश जायचा तो गेलाच.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर मीच एकतर्फी बोललो असं होईल. समालोचक स्वतः कोणाकडून काय घेतो, हेही तपासायला हवं. २०१७ साली रामचंद्र गुहा यांनी क्रिकेट प्रशासक समितीचा राजीनामा देताना गावसकरांचंच उदाहरण दिलं होतं: खेळाडूंचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीशी संबंध आणि त्याच खेळाडूंवर समालोचन, दोन्ही एका माणसाकडे कसं? त्याआधी २००८ मध्ये आयसीसीच्या क्रिकेट समितीचं अध्यक्षपद की माध्यमांतलं काम, असा पेच पडला तेव्हा गावसकरांनी अध्यक्षपद सोडलं होतं. मुद्दा व्यक्तीचा नाही. मी घरी बसून ऐकतो, तेव्हा मला कळायला हवं की हा माणूस बोलतोय तो कोणाच्या बाजूने. कळलं नाही, तर त्याचा स्पष्टवक्तेपणा मला उपयोगाचा नाही.

मग त्या मुलाच्या वडिलांना काय सांगू? तीन गोष्टी.

पहिली, तयारी आत्ताच. रिची बेनॉ १९५६ साली ऑस्ट्रेलियाच्या संघातून इंग्लंडला खेळायला गेले होते. दौरा संपल्यावर मागे राहून त्यांनी बीबीसीत प्रशिक्षण घेतलं. तेव्हा ते कर्णधारही झाले नव्हते, आणि निवृत्ती आणखी आठ वर्षं लांब होती! शिवाय वर्तमानपत्रात गुन्हेवार्ता लिहीत होते, म्हणजे कमी शब्दांत नेमकं सांगायची सवय. पुढे सगळं जग त्यांना ओळखायला लागलं ते न बोलण्यासाठी. चित्र बोलत असेल तर बेनॉ गप्प. आपल्या पोराला हे कठीण जाईल. (हशा)

दुसरी, मराठी. परवापरवापर्यंत मी हे म्हटलं नसतं. पण २०२३ पासून आयपीएल मोबाइलवर मराठीतही ऐकू यायला लागली. केदार जाधव त्यात समालोचन करत होता, आणि हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघाने जखमी डेव्हिड विलीच्या जागी त्याला बोलावलं. माईक ठेवला, बॅट उचलली. मराठीतून क्रिकेट सांगणं सोपं नाही. 'चेंडू बाहेर काढला' आणि 'चेंडू बाहेर गेला' यांतला फरक ज्याला वाडीत कळला, त्याला तो माईकवर सांगता आला पाहिजे. ती भाषा मुलाकडे आहे. ती इंग्रजीच्या मागे लपवू नका म्हणावं.

तिसरी, आणि सर्वांत अवघड. घरी सामना लावा, आवाज बंद करा आणि त्याला अर्धा तास बोलू द्या. फोनवर ध्वनिमुद्रण करा. मग दोघांनी बसून ऐका आणि कागदावर दोन रकाने करा. 'हा बेकार आहे', 'याला कळत नाही', अशी वाक्यं एका रकान्यात. 'हा बाद झाला, कारण...' अशी दुसऱ्यात. पहिला रकाना लांब निघाला, तर पोरगा नुसता फटकळ आहे. दुसरा लांब निघाला, तर त्याच्यात समालोचक आहे. आणि 'मी असतो तर' हे किती वेळा आलं, तेही मोजा.

एक सांगायचं राहिलं. कर्णधाराला तो म्हणाला, तुझं क्षेत्ररक्षण चुकलं. वडील म्हणाले, उद्धट आहे. मी विचारलं, मग कर्णधार काय म्हणाला? वडिलांना माहीत नव्हतं, म्हणून मुलालाच विचारलं. तो म्हणाला, "काका, मी त्यांना सांगितलं की पावसाने मैदान जड झालंय, चेंडू सीमेपर्यंत पोचतच नाही, तिथले दोघं आत आणा. त्यांनी एकाला आणला."

म्हणजे कारण होतं. वडिलांपर्यंत फक्त शिक्का पोचला होता. पोराच्या तोंडाला कुलूप लावू नका. 'कारण' हा शब्द त्याच्या तोंडात आहे, तो तसाच राहील एवढं बघा.

आता प्रश्न विचारा. फटकळ प्रश्न आधी. (हशा, टाळ्या)